तज्ज्ञांच्या हवाली केलेले शहर

राज्यकारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या हाती असावा की त्या त्या विषयातील जाणकारांच्या, हा वाद विसाव्या शतकात तंत्रज्ञशाही या नावाने गाजला आणि महामंदीच्या ऐन भरात, १९३२-३३ च्या सुमारास, हॉवर्ड स्कॉट यांच्या अनुयायांनी अमेरिकेत पैसा, निवडणुका आणि पक्ष बाजूला सारून सारा देश अभियंत्यांकडे सोपवावा अशी चळवळच उभी केली. त्या कल्पनेप्रमाणे एखादा देश चालवून पाहण्याची वेळ कधी आली नाही, त्यामुळे तिच्याविषयीचे बोलणे बहुतांशी तर्कावर चालते. मुंबई शहराच्या बाबतीत मात्र तर्कावर अवलंबून राहण्याचे कारण नाही, कारण १८६५ ते १९३३ या काळात या शहराचे काही अत्यंत महत्त्वाचे निर्णय प्रतिनिधींच्या सभागृहातून काढून नेमलेल्या जाणकारांच्या हाती एकदा नव्हे, अनेकदा देण्यात आले. वसाहतीच्या राज्यात पूर्ण अर्थाने लोकशाही नव्हतीच, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो रास्तही आहे. पण नेमके याच कारणामुळे तज्ज्ञ मंडळांना येथे जेवढी मोकळीक मिळाली तेवढी इतरत्र क्वचितच मिळाली असती.

सुरुवात १८६५ च्या कायद्यापासून करावी लागते. त्यापूर्वी शहराची व्यवस्था ‘जस्टिस ऑफ दि पीस’ म्हणजे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक आणि त्यांच्या जोडीला तीन आयुक्त अशा ढिल्या रचनेकडे होती. नव्या कायद्याने जस्टिसांच्या सभेला संस्थेचे रूप दिले, पण सारा अंमल एकट्या म्युनिसिपल कमिशनरकडे सोपवला आणि त्या जागी आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. क्रॉफर्ड यांनी गटारे, रस्ते, झाडलोट आणि मंडया यांचा धडाका लावला, आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी इमारत त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली, आणि हे सर्व करताना त्यांनी खर्चाकडे पाहिले नाही. १८६५ मध्येच शेअरबाजाराचा फुगा फुटून शहर कंगाल झालेले असताना करांचा बोजा वाढत गेला, आणि जस्टिसांच्या सभेला हिशेब तपासण्याचा अधिकार कागदावर असूनही कमिशनरला आवर घालणे तिला जमले नाही. १८७१ मध्ये करदात्यांनी उठाव केला आणि क्रॉफर्ड यांना जावे लागले. (लोकमान्य टिळकांच्या काळात मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून गाजलेले क्रॉफर्ड प्रकरण याच अधिकाऱ्याचे.)

या उठावात सर्वांत वेगळी भूमिका घेतली ती तेव्हा पंचविशीत असलेल्या फिरोजशहा मेहता यांनी. कमिशनरचे पद मोडून त्याचे अधिकार एखाद्या समितीकडे द्यावेत, अशी करदात्यांच्या पुढाऱ्यांची मागणी होती. मेहतांनी तिला विरोध केला आणि १८७१ च्या अखेरीस केलेल्या मांडणीत असे दाखवून दिले, की दोष एकहाती अंमलात नसून त्या अंमलावर देखरेख करणारी सभा सरकारने नेमलेली आहे, यात आहे. अंमल करणारा माणूस एकच आणि कसलेला असावा, मात्र त्याच्या हातात पैसा देणारी आणि त्याच्याकडून हिशेब घेणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, हे त्यांचे सूत्र होते. १८७२ च्या कायद्याने ते बऱ्याच अंशी मान्य केले: ६४ सदस्यांच्या महापालिकेत निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे, उरलेल्यांपैकी १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. १८८८ च्या कायद्याने सदस्यांची संख्या ७२ केली, आयुक्ताची नेमणूक सरकारकडेच ठेवली आणि खर्चाच्या मंजुरीसाठी स्थायी समिती निर्माण केली. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा आजही मुंबई महापालिकेचा मूळ कायदा आहे.

या व्यवस्थेत एक मोठी खोट होती आणि पुढील सर्व हकिगतीत ती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. १८७२ च्या कायद्याने मत दिले ते वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्याला, म्हणजे घरमालकाला, व्यापाऱ्याला आणि वरच्या थरातील व्यावसायिकाला. गिरणीत खपणारा कोकणी माणूस, गोदीतील हमाल, विणकर, मैला वाहणारा कामगार, थोडक्यात चाळीच्या एका खोलीत राहणारे बहुसंख्य शहर या हिशेबात धरलेलेच नव्हते. मुंबईतील ‘लोकांचे प्रतिनिधी’ आणि ‘तज्ज्ञ’ यांच्यातील पुढचा झगडा हा पुष्कळदा घरमालक आणि अभियंते यांच्यातील झगडा होता, आणि भाडेकरू दोन्ही बाजूंच्या बाहेर होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उद्भवला तेव्हा ही सारी यंत्रणा एकाच वेळी कसोटीला लागली. रोग प्रथम ओळखला तो मूळच्या गोव्यातील हडफडे येथील डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, आणि ते महापालिकेचे सदस्यही असल्याने ही वार्ता २३ सप्टेंबरला स्थायी समितीपुढे आली. सुरुवातीला त्यांच्या निदानाविषयी शंका घेतल्या गेल्या, पण लवकरच हालचाल सुरू झाली. आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबरला १८८८ च्या कायद्यातील तरतुदींचा आधार घेऊन रोग्याला त्याच्या इच्छेविरुद्धही इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला. शास्त्राच्या दृष्टीने हुकूम निर्दोष होता, कारण संसर्ग थांबवायचा तर रोगी वेगळा काढला पाहिजे, हे त्या काळच्या वैद्यकाचे मान्य तत्त्व होते. पण इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी भावना पसरली, लोक रोगी लपवू लागले, आणि २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर लगेच हुकूम सौम्य करण्यात आला. स्नो यांनी त्याचे दिलेले कारण फार बोलके आहे: म्युनिसिपालिटीच्या दप्तरात हलालखोर म्हणून नोंदलेले सफाई कामगार भीतीने शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही. ज्या माणसांना मत नव्हते, ज्यांच्या वस्तीत शिरण्याआधी कोणी त्यांना विचारले नव्हते, त्यांच्या काढता पाय घेण्याच्या ताकदीपुढे आयुक्ताला आपले शास्त्र आवरते घ्यावे लागले. शहर तसेही रिकामे होतच होते. १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मी वस्ती गावी निघून गेली होती.

सरकारने याचा अर्थ असा लावला, की म्युनिसिपल यंत्रणा अपुरी आहे आणि आणखी कडक, आणखी निखळ तज्ज्ञांचे मंडळ हवे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमण्यात आली. कमिटीत एक सेनाधिकारी, एक डॉक्टर, एक ड्रेनेजचा अभियंता आणि आयुक्त एवढेच होते. खर्च मात्र महापालिकेच्या तिजोरीवर पडला. पुण्यात याच धर्तीवर रँड यांच्या कमिटीने गोऱ्या शिपायांकडून घरझडत्या घेतल्या आणि त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील प्राणघातक हल्ल्यात झाली, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. मुंबईत तेवढा स्फोट का झाला नाही, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. त्याचे एक कारण असे, की गॅटेकर यांनी जातीजमातींच्या पुढाऱ्यांना बोलावून त्यांना आपापली इस्पितळे काढू दिली, झडत्यांच्या वेळी त्या त्या वस्तीतील माणसे बरोबर घेतली. म्हणजे जे काम निवडून आलेल्या सभेने करायचे ते सेनाधिकाऱ्याने पंचायती मांडून केले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, तेव्हा या तडजोडीलाही मर्यादा होत्या हे दिसले.

या सर्व काळात उपायांच्या मुळाशी असलेले शास्त्र बदलत होते. प्लेग घाणीतून, कोंदट हवेतून आणि दूषित जमिनीतून पसरतो, या समजुतीने गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली जात होती, छपरे उघडी करून खोल्यांत ऊन पाडले जात होते, भिंतींना चुना फासला जात होता. १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या अंगावरील पिसू हा दुवा असल्याचे दाखवले, पण त्यावर सहसा कोणी विश्वास ठेवला नाही. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने १९०५ नंतर केलेल्या प्रयोगांनीच ते मत पक्के झाले. हाफकिन यांनी तयार केलेली लस हा या काळातील खरा उपयुक्त शोध, आणि ती टोचून घेणे बव्हंशी ऐच्छिक राहिले, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे.

जुन्या समजुतीवर सर्वांत मोठी आणि सर्वांत टिकाऊ इमारत उभी राहिली ती मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत १८९८ चा कायदा होऊन त्याच वर्षी ट्रस्ट अस्तित्वात आला. शहर निरोगी करायचे तर दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, समुद्राचा वारा आत घ्यायचा, उत्तरेकडे नवी जमीन वसवायची आणि गरिबांसाठी स्वच्छ चाळी बांधायच्या, असा त्याचा उद्देश होता. हे काम महापालिकेला का दिले नाही, याचे सरकारी उत्तर स्पष्ट होते: तेथे घरमालकांचे वजन आहे, चर्चा लांबतात आणि अप्रिय निर्णय होत नाहीत. म्हणून विश्वस्तांच्या मंडळात अधिकारी, सरकारनियुक्त सदस्य आणि व्यापारी संस्थांचे प्रतिनिधी यांचे पारडे जड ठेवण्यात आले, महापालिकेला मोजक्याच जागा मिळाल्या, आणि तरीही ट्रस्टच्या खर्चात तिचा वार्षिक वाटा सक्तीचा राहिला. पैसा आपण द्यायचा आणि हिशेब मात्र विचारायचा नाही, ही तक्रार महापालिकेच्या सभागृहात पुढे पंचवीस वर्षे ऐकू येत राहिली.

ट्रस्टच्या कामाची पद्धत समजून घेतल्याशिवाय तिच्या फळाचा अंदाज येत नाही. आरोग्य अधिकाऱ्याने एखादी वस्ती ‘अनारोग्यकारक’ असल्याचा दाखला दिला, की ट्रस्टचे अभियंते योजना आखत, सरकार तिला मंजुरी देई, आणि त्या हद्दीतील घरे सक्तीने संपादन करून पाडली जात. नुकसानभरपाईचा वाद खास न्यायाधिकरणापुढे जाई. भरपाई ठरवताना घराचे भाड्याचे उत्पन्न विचारात घेतले जाई, त्यामुळे योजनेची कुणकुण लागताच काही मालक आपल्या घरांत आणखी माणसे कोंबत, म्हणजे गर्दी घटवण्याच्या कायद्याने काही काळ गर्दीच वाढवली. नागपाड्याची पहिली योजना, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांच्यासाठी हजारो कुटुंबांची घरे गेली. पाडापाडी आधी आणि बांधणी नंतर असा क्रम असल्याने ही कुटुंबे नव्या चाळी तयार होईपर्यंत थांबू शकत नव्हती. गोदीवरच्या हमालाला गोदीच्या पायाशीच राहावे लागे, कारण मजुरी रोजची आणि ट्रामचे भाडे न परवडणारे. म्हणून ही कुटुंबे शेजारच्या गल्लीत सरकली आणि तेथे दाटी वाढली. ट्रस्टने चाळी बांधल्या त्या चांगल्या होत्या, आजही काही उभ्या आहेत, पण त्यांत राहायला आले ते बरेचदा दुसरेच लोक.

हे अपयश ट्रस्टच्या जाणकारांना दिसले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९०९ मध्ये अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर हे अत्यंत अभ्यासू गृहस्थ होते आणि वस्त्या सरळ पाडण्याच्या पद्धतीला त्यांनी ‘थेट हल्ला’ असे नाव देऊन तिच्याऐवजी उत्तरेकडे जमीन मोकळी करून दाटी आपोआप सैल होऊ द्यावी, असा ‘अप्रत्यक्ष हल्ला’ सुचवला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखणी याच दिशेने झाली. हिंदू कॉलनी, पाच बागा आणि ट्रस्टमध्येच नोकरीला असलेल्या मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नाने वसलेली पारशी कॉलनी ही त्या आखणीची देखणी अपत्ये. मुंबईतील मध्यमवर्गीय उपनगर ही कल्पनाच ट्रस्टने घडवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ऑर यांचा दुसरा आग्रह ६३½ अंशांच्या नियमाचा होता. खोलीच्या खिडकीपासून क्षितिजाशी ६३½ अंशांचा कोन करून काढलेली रेषा समोरच्या इमारतीला अडता कामा नये, म्हणजे समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर दोन इमारतींत असावे, असा त्याचा अर्थ. हा नियम महापालिकेच्या बांधकाम उपविधींत यावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली आणि सभागृहातील घरमालकांनी ती अडवून धरली, कारण प्रत्येक अंशामागे भाड्याच्या खोल्या कमी होत होत्या.

या प्रसंगात ऑर बरोबर होते आणि निवडून आलेले सदस्य स्वार्थी होते, हे मान्य करायला हवे. पण खोलीत उजेड वाढला की भाडे वाढते, आणि वाढलेले भाडे न परवडणाऱ्याने कोठे जायचे, याचे उत्तर कोनमापकात नव्हते. पॅट्रिक गेडीस यांनी १९१४ नंतर भारतातील शहरे पाहताना सरसकट पाडापाडीवर टीका करून आधी वस्तीचे बारकाईने निरीक्षण आणि मग कमीत कमी काटछाट, अशी पद्धत मांडली. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, पण ट्रस्टच्या कारभारावर त्यांच्या पद्धतीची छाप फारशी पडली नाही.

ट्रस्टने काही शिकवले असेल तर ते सरकारने घेतले नाही, हे १९२० मध्ये दिसून आले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी महापालिका आणि ट्रस्ट या दोहोंना वगळून सरकारच्या थेट अखत्यारीत विकास खाते, म्हणजेच बीडीडी, स्थापन केले आणि त्याच्याकडे दोन प्रचंड कामे दिली: कामगारांसाठी आठ वर्षांत ५०,००० खोल्या आणि बॅकबेचा समुद्र हटवून ११४५ एकर जमीन. खोल्यांपैकी प्रत्यक्षात सुमारे १६,००० बांधून झाल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील त्या २०७ चाळी सिमेंट काँक्रीटच्या मजबूत होत्या, पण कोंदट, गिरण्यांपासून काही ठिकाणी लांब आणि भाड्याने महाग, त्यामुळे कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींत सत्याग्रही कैदी ठेवण्यात आले, एवढ्या त्या मोकळ्या होत्या.

बॅकबेची गोष्ट याहून वेगळी, कारण तेथे तज्ज्ञ आपल्याच विषयात चुकले. सर जॉर्ज ब्युकॅनन यांच्या अंदाजानुसार बंदरातील गाळ ड्रेजरने उपसून नळातून बॅकबेत टाकायचा आणि दगडी भिंतीने तो धरून ठेवायचा होता. भिंत गळू लागली, भराव समुद्रात जाऊ लागला, बंदरातून मिळणारा मऊ गाळ अंदाजापेक्षा कमी निघाला आणि खर्च मूळ आकड्यांच्या पार पुढे गेला. अंदाज चुकतात, अभियांत्रिकीत ते नवे नाही. पण हा अंदाज तपासण्याची, काम सुरू असताना ते थांबवण्याची ताकद असलेली सभा कोठेच नव्हती. कायदेमंडळात निवडून आलेले वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या गैरकारभारावर हल्ला चढवला, तेव्हा एका अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ते त्यातून निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि शेवटी आठपैकी चारच विभाग पुरे करण्याचे ठरले. नरिमन हे काही अभियंते नव्हते. आकडे वाचणारा आणि प्रश्न विचारण्याची जागा असलेला माणूस एवढीच त्यांची पात्रता होती. पुढे त्याच भरावाच्या टोकाला त्यांचे नाव देण्यात आले.

दरम्यान मताधिकार बदलत होता. १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले आणि घरमालकांच्या सभागृहात भाडेकरूंचा शिरकाव झाला. प्रौढ मतदान यायला १९४८ उजाडावे लागले, पण ट्रस्ट वेगळा ठेवण्याचे मुख्य समर्थन या पहिल्या बदलानेच लंगडे झाले. १९२५ च्या कायद्याने त्याचे काम महापालिकेच्या कक्षेत आणण्यास सुरुवात झाली आणि १९३३ मध्ये तो पूर्णपणे तिच्यात विलीन झाला. ट्रस्टचे अभियंते, नकाशे आणि योजना तशाच राहिल्या. बदलली ती फक्त त्यांना मंजुरी देणारी सभा.

या सत्तर वर्षांच्या इतिहासावरून तज्ज्ञ निरुपयोगी ठरतात, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल, कारण गटारे, लस, उजेडाचा नियम आणि दादरची आखणी ही सारी त्यांचीच देणगी आहे, आणि घरमालकांच्या सभागृहाकडून त्यातील फारसे काही झाले नसते. मात्र दरवेळी त्यांना अधिकार दिले गेले ते हा प्रश्न तांत्रिक आहे असे सांगून, आणि दरवेळी ते अडले ते कोणाचे घर जाणार, पैसा कोण देणार आणि उठवलेला माणूस कोठे राहणार या प्रश्नांपाशी, ज्यांचे उत्तर कोणत्याही शास्त्रात नसून ज्याला भोगायचे त्याच्या संमतीत असते. मुंबईत टिकली ती फिरोजशहा मेहतांची १८७१ मधील मांडणी, तीही मताधिकार चाळीपर्यंत पोचल्यावर. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि प्रशासक म्हणून सारा कारभार पुन्हा आयुक्तांकडे आला, तेव्हा ज्या समित्या अस्तित्वात नव्हत्या त्यांच्यात ट्रस्टचा वारसा सांगणारी सुधार समितीही होती. एखाद्या भूखंडाचे काय करायचे, हा प्रस्ताव निवडलेल्या नगरसेवकांपुढे प्रथम येतो तो तिच्यातच.